भाव सांगण्यापूर्वीचे बीजगणित

तारापूर औद्योगिक क्षेत्रातील मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने बोईसर, सरावली, पास्थळ या परिसरात जे लहान लहान गाळे चालतात, त्यांतील अनेकांचा उदरनिर्वाह दुसऱ्याच्या मालावर आपल्या यंत्राचे नि हातांचे काम चढवून देण्यावर, म्हणजे ज्याला आपण सारे जॉबवर्क म्हणतो त्यावर अवलंबून असतो. आणि या गाळ्यांचे मालक आपापल्या लेथवर वा प्रेसवर कितीही निष्णात असले, तरी गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्यातून फोन येऊन ‘नगाला काय लावाल?’ अशी पृच्छा होताच त्यांचे उत्तर बहुधा गेल्या वर्षीच्या भावावरून, शेजारच्या गाळ्याच्या भावावरून, अथवा त्याहून दोन रुपये कमी अशा मोघम अदमासाने निघते. ज्या इसमाने दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळवले, त्याला आपल्या पोटापाण्याच्या प्रश्नात ती आठवत नाहीत, याचा दोष सर्वस्वी त्याला देता येणार नाही. शाळेच्या समीकरणांत बापलेकांची वये असत, वीजबिल कधी नसे. ती उणीव थोडीफार भरून काढावी आणि तेच शालेय बीजगणित गाळ्याच्या रोजमेळाला कसे जोडावे ते दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अव्यक्ताला नाव देणे ही पहिली पायरी होय. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अव्यक्त राशीला यावत्तावत् म्हटले आणि एकाहून अधिक अव्यक्ते आली की त्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे दिली. आपण क्ष वर भागवू. मात्र क्ष म्हणजे काय मोजायचे, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. बुश कातणाऱ्याने महिन्याचे नग मोजावेत, कापड रंगवणाऱ्याने मीटर, आणि मच्छीमाराने समुद्रातल्या फेऱ्या. ज्याच्या कमीजास्त होण्याने खर्च व वसूल दोन्ही हलतात, ती राशी क्ष म्हणून योग्य. आणि तिला काळाची मर्यादा, बहुधा एका महिन्याची, घातल्यावाचून पुढचे एकही समीकरण उभे राहत नाही.

यानंतर खर्चाचे दोन भाग पाडावयाचे: क्ष शून्य असतानाही जो द्यावाच लागतो तो स्थिर खर्च, आणि क्ष च्या प्रत्येक एककाबरोबर जो वाढतो तो चल खर्च. हा भेद ज्याला पुस्तकावरून उमगत नसेल, त्याने पालघरच्या पश्चिमेस सातपाटीच्या बंदरात जून-जुलैत जावे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते; बोटी किनाऱ्याला लागलेल्या, डिझेल नाही, बर्फ नाही, खलाशांचा शिधा नाही, म्हणजे चल खर्च पूर्णतः थांबलेला. तरीही कर्जावरचे व्याज चालू राहते, जाळी सांधावी लागतात, बोटीची डागडुजी व रंगकाम याच दिवसांत निघते. जो पैसा त्या दोन महिन्यांत वसुलीवाचून जातो, तो सर्व स्थिर खर्च. आणि तो उरलेल्या दहा महिन्यांच्या फेऱ्यांनी भरून काढावयाचा असल्यामुळे, जो बोटमालक एका फेरीचा हिशेब केवळ डिझेल-बर्फ-शिधा एवढ्यावर मिटवतो, त्याला हंगामभर नफा दिसत असूनही मे महिन्याच्या अखेरीस हातात काही उरत नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र, ज्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या, हे याच तत्त्वाचे अतिविशाल उदाहरण होय; अणुविजेच्या खर्चात उभारणीचा भांडवली वाटा मोठा नि इंधनाचा तुलनेने लहान, सबब असे केंद्र शक्य तितके अखंड चालवण्यातच हित असते.

आता एक गाळा जवळून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी तेथे आपले घालावेत. दोन सीएनसी लेथ, दोन कायम कारागीर, काम बुश कातण्याचे, माल गिऱ्हाइकाचा. दरमहा गाळ्याचे भाडे २५,००० रुपये. यंत्रांचा घसारा व कर्जावरचे व्याज मिळून ४२,०००. कारागिरांचा पगार ४४,०००. विजेचा स्थिर आकार, फोन, हिशेबनीस इत्यादी ९,०००. आणि मालकाचा स्वतःचा पगार ३०,०००. या शेवटच्या रकमेबद्दल हमखास वाद होतो. मालक म्हणतो, ‘माझाच धंदा, मला कसला पगार?’ परंतु तोच मनुष्य दुसऱ्याच्या कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून गेला असता तर जे वेतन त्याला मिळाले असते, ते सोडून तो येथे उभा आहे, आणि ते वेतन खर्चात न धरता जो नफा निघतो तो पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या फुकट मजुरीचेच दुसरे नाव असते. तसेच बँकेचा हप्ता जसाच्या तसा खर्चात लिहू नये. हप्त्यातील मुद्दल ही कर्जफेड आहे, खर्च फक्त व्याजाचा व यंत्राच्या झिजेचा. एकूण स्थिर खर्च १,५०,००० रुपये झाला.

नगामागे इन्सर्ट व कूलंट ४.५० रुपये, वीज ३.५०, बर काढणे, धुणे व पॅकिंग यांची नगावारी मजुरी ४, टेम्पो १.२५ आणि रिजेक्शनपोटी ०.७५, असा चल खर्च १४ रुपये येतो. खर्चाला ख, वसुलीला व आणि नफ्याला न म्हटले, आणि भाव नगाला २६ रुपये धरला, तर:

ख(क्ष) = १,५०,००० + १४क्ष
व(क्ष) = २६क्ष
न(क्ष) = १२क्ष − १,५०,०००

गणितात यांना फल म्हणतात: क्ष ची किंमत घातली की खर्चाची, वसुलीची, नफ्याची एकेकच किंमत बाहेर येते. यातला १२ हा आकडा, म्हणजे भावातून चल खर्च वजा जाता राहिलेली नगामागची शिल्लक, सर्वांत कामाचा. न शून्य केव्हा होईल? १,५०,००० ला १२ ने भागावे, म्हणजे १२,५०० नगांना. दोन्ही लेथ मिळून महिन्याच्या २५ दिवसांत, आठ तासांच्या एका पाळीत, दीड मिनिटाला एक नग या गतीने १६,००० नग निघतात. तेव्हा भरपूर काम असलेल्या महिन्यात नफा ४२,००० रुपये, आणि महिन्याचे पहिले १२,५०० नग केवळ गाळा चालू ठेवण्यासाठी. जीएसटी वसुलीत धरू नये, हे सांगावयाला नकोच. तो सरकारचा पैसा काही दिवस आपल्याकडे अमानत राहतो इतकेच.

येथवर कोणाला काही अडचण नसावी. बिघाड होतो तो सरासरीपाशी. समजा, गेल्या महिन्यात काम कमी असल्यामुळे १०,००० नगच निघाले. वहीप्रमाणे खर्च २,९०,०००. नगाला पडला २९ रुपये. या महिन्यातही तेवढेच काम दिसत असताना नवे गिऱ्हाईक ५,००० नगांचे काम २२ रुपयांनी देऊ करते. मालक वही उघडतो, २९ चा आकडा पाहतो आणि ‘परवडत नाही’ म्हणून फोन ठेवतो. न(क्ष) ला विचारले असते तर उत्तर उलट आले असते: १०,००० नगांवर गाळा ३०,००० रुपये तोट्यात आहेच; नवे ५,००० नग प्रत्येकी ८ रुपये शिल्लक ठेवून ४०,००० आणतात; म्हणजे काम घेतल्यास १०,००० नफा, नाकारल्यास ३०,००० तोटा. २९ रुपये हा त्या बुशाचा गुण नव्हताच. तो १०,००० या संख्येचा परिणाम होता, आणि संख्या बदलताच तो नाहीसा होणार होता.

हीच चूक भरभराटीच्या महिन्यात पालथी होऊन येते व अधिक घातक ठरते. १६,००० नग निघालेल्या महिन्याची सरासरी २३ रुपये ३८ पैसे येते. मालक खूश होऊन वर्षभराच्या कराराला २४ रुपयांचा भाव देतो. २४ च्या भावात नगामागची शिल्लक १० रुपये, ना-नफा-ना-तोट्याचा बिंदू १५,०००. पुढे काम उतरून १२,००० नगांवर आले की महिन्याकाठी ३०,००० रुपये घरातून घालावे लागतात आणि करारावर सही झालेली असते. माझ्या मते बोईसर परिसरातले पुष्कळ लहान गाळे मंदीपेक्षा तेजीत दिलेल्या अशा भावांनी बुडतात.

मग २२ चा भाव सर्वांनाच लावला तर? बिंदू १८,७५० वर जातो. आणि एका पाळीत तर १६,००० च नग निघतात. अर्थात त्या भावाला एका पाळीत नफा देणारी कोणतीही संख्या अस्तित्वातच नाही. फलाला प्रांत असतो, म्हणजे क्ष च्या ज्या किमतींपुरते ते खरे असते ती मर्यादा असते, हे महाविद्यालयात पाठ केलेले वाक्य येथे प्रत्यक्ष पैशात उतरते. सबब २२ चे गिऱ्हाईक रिकाम्या क्षमतेपुरते व मुदतीपुरतेच घ्यावे, आणि २६ देणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या कानी तो भाव जाणार नाही याची खात्री असेल तरच. बोईसरमध्ये खरेदी खात्यांतली माणसे एकमेकांना ओळखतात.

एक पाळी संपल्यावर खर्चाची रेषा तीच राहत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून जादा कामाला दुप्पट वेतन हा नियम चालत आला आहे. आपल्या कारागिराचा तास ११० रुपयांना पडतो, जादा तास २२०. तासाला ४० नग, म्हणजे नगामागे साडेपाच रुपये जास्त. त्यामुळे खर्चाचे फल दोन तुकड्यांत लिहावे लागते: १६,००० पर्यंत पूर्वीचेच, आणि त्यापुढे

ख(क्ष) = ३,७४,००० + १९.५०(क्ष − १६,०००)

यातला ३,७४,००० हा पहिल्या १६,००० नगांचा एकंदर खर्च. २६ च्या भावाला जादा वेळेतला नग साडेसहा रुपये देतो, २२ च्या भावाला अडीच. २२ च्या भावाने पाळीअखेर राहिलेला २२,००० चा तोटा अडीच-अडीच रुपयांनी फेडावयाला आणखी ८,८०० नग लागतील, म्हणजे प्रत्येक कारागिराचे महिन्याला ११० जादा तास; ते कायद्यात बसत नाही आणि माणसाच्या अंगातही नसते. घाईच्या ऑर्डरला १९ रुपये घेऊन रात्र जागणारे महाभाग आहेत. त्यांना प्रत्येक नग आठ आणे तोटा देऊन जातो.

उधारीचे कलम मात्र भल्याभल्यांच्या समीकरणातून गळते. माल आज गेला, पैसे ९० दिवसांनी आले आणि मधल्या काळात आपण दरमहा दीड टक्क्याने पैसा उचलला, तर २६ रुपयांवर व्याज १ रुपया १७ पैसे. शिल्लक १२ वरून १०.८३ वर येते आणि ना-नफा-ना-तोट्याचा बिंदू १२,५०० वरून सुमारे १३,८५० वर जातो. म्हणजे दिरंगाई करणारे गिऱ्हाईक महिन्याला १,३५० नगांचे काम फुकट करून घेते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असे बंधन घातले आहे, पण पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने लहान माणूस तगाद्यापलीकडे जात नाही. निदान भाव सांगताना तरी ४५ दिवसांचा एक आणि ९० दिवसांचा दुसरा, असे दोन भाव सांगावेत. व्याज कोण भरतो आहे हे त्याने उघड होते.

कामे अनेक प्रकारची असतील तर नगामागची शिल्लक फसवी ठरते. बुश १२ रुपये देतो आणि फ्लँज ३०, म्हणून फ्लँज अधिक किफायतशीर, असे पुष्कळांना वाटते. परंतु बुशाला दीड मिनिट लागते, फ्लँजला पाच. मिनिटामागे बुश ८ रुपये देतो, फ्लँज ६. यंत्राचा वेळ जेथे तोकडा, तेथे शिल्लक यंत्राच्या मिनिटांनी भागून पाहावी. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात घराघरांतून दागिन्यांच्या साच्यांचे जे डायमेकिंग चालते, त्यात तोकडा असतो तो कसबी हात. तेथे भागाकार त्या कारागिराच्या तासांनी करावयाचा.

ज्यांच्या धंद्यात पाणी लागते, त्या रंगप्रक्रिया व रसायनाच्या लहान कारखान्यांनी सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च स्थिर खात्यात मोघम रक्कम म्हणून न टाकता, घनमीटरमागे दर लावून चल खर्चात घ्यावा. या क्षेत्राचे प्रक्रिया केलेले पाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या बाजूने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरावर कारखान्यांवर नुकसानभरपाई बसवणारा निर्णय दिला. वहीत न लिहिलेला खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत चढत असतो आणि कधीकाळी व्याजासह परत येतो. भाव ठरवतानाच तो धरलेला बरा.

आतापर्यंत भाव गिऱ्हाइकाने ठरवलेला होता, म्हणून वसुलीची रेषा सरळ राहिली. स्वतःचा माल स्वतःच्या भावाने विकणाऱ्याची गोष्ट निराळी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूची सुकवलेली चकती विकणारा एखादा बचतगट डोळ्यांपुढे आणा. त्याने १२० रुपये भाव ठेवला तेव्हा महिन्याला ४०० पाकिटे गेली, १०० ठेवला तेव्हा ८००. भाव २० ने उतरला, खप ४०० ने वाढला. म्हणजे पाकिटामागे भाव वीसांश रुपया उतरतो. दोन बिंदूंतून जाणारी रेषा:

भाव = १४० − क्ष/२०

वसूल म्हणजे भाव गुणिले क्ष, म्हणून व(क्ष) = १४०क्ष − क्ष²/२०. आता क्ष चा वर्ग आला आणि रेषेची जागा माथा असलेल्या वक्राने घेतली. स्थिर खर्च १२,००० व पाकिटामागे ५० रुपये धरल्यास

न(क्ष) = ९०क्ष − क्ष²/२० − १२,०००

या वक्राचा माथा, ९० ला वर्गपदाच्या सहगुणकाच्या दुपटीने, म्हणजे दशांशाने, भागून मिळतो: ९०० पाकिटे, भाव ९५ रुपये, नफा २८,५००. वसुलीचा माथा याहून पुष्कळ पुढे आहे: १,४०० पाकिटे, भाव ७०, वसूल ९८,०००, पण तेथे नफा १६,००० च. पाचशे पाकिटे अधिक सुकवून, भरून, बाजारात नेऊन साडेबारा हजार रुपये कमी मिळतात. ‘खप वाढला’ म्हणून पेढे वाटण्यापूर्वी हा फरक पाहावा. फ्रान्समध्ये कूर्नो नावाच्या गणितज्ञाने १८३८ साली खनिज पाण्याच्या झऱ्याच्या एका मालकाचे उदाहरण घेऊन नेमका हाच प्रश्न मांडला होता. झऱ्याचे पाणी काढावयाला खर्चच नसल्यामुळे त्याच्या बाबतीत नफ्याचा आणि वसुलीचा माथा एकच आला. आपल्या बचतगटाला चिकू, मजुरी आणि पाकीट यांना पैसे पडतात, म्हणून त्याने कमी खपाशी थांबावे.

वर्गसमीकरण सोडवल्यास येथे ना-नफा-ना-तोट्याचे बिंदू दोन निघतात, सुमारे १४५ व १,६५५. पहिल्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. दुसऱ्यावर ठेवू नये, कारण तेथे भाव ५७ रुपयांवर येतो आणि आपण तर १०० च्या खाली भाव कधी ठेवूनच पाहिला नाही. ज्या पट्ट्यात प्रत्यक्ष विक्री झाली, तेवढ्यात व त्याच्या लगतच रेषा भरवशाची; ९५ चा भाव त्या पट्ट्याला चिकटून आहे, ७० चा तर्कच आहे. म्हणून एकदम मोठी उडी न मारता प्रथम ९५ ठेवून महिनाभर पाहावे आणि मिळालेला तिसरा बिंदू रेषेवर पडतो की नाही ते तपासावे. पाकीट, दुकान आणि हंगाम तेच ठेवून केवळ भाव बदलावा, नाहीतर खप कशाने हलला ते कळणार नाही. बोर्डीच्या चिकू महोत्सवात गर्दीच्या भरात जी विक्री होते ती या हिशेबात धरू नये, तिचे पान वेगळे ठेवावे. आणि घोलवड स्थानकावरच्या किरकोळ विक्रीचा भाव मुंबईच्या दुकानदाराला दिलेल्या भावात मिसळू नये, कारण त्या दोन गिऱ्हाइकांच्या रेषा दोन निरनिराळ्या आहेत आणि त्यांचे माथेही निरनिराळ्या ठिकाणी येतील.